मी येईपर्यंत थांबू नका

हेमालीच्या बाबांना बडोद्याहून चंद्रकांताचा नमस्कार.

हेमाली आणि बाळ, दोघी बऱ्या आहेत. नात अगदी तुमच्यासारखी कपाळाला आठ्या घालून झोपते.

फोनवर विषय काढला की तुम्ही "आवाज येत नाही" म्हणता, म्हणून लिहितेय. आरोग्य शिबिरातल्या तपासणीत तुमच्या शौचात रक्त सापडलं ते दिवाळीआधी. आता संक्रांत आली. आतड्याची दुर्बिणीची तपासणी लगेच करा, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्ही आधी केळीचे घड काढायचे म्हणालात, मग हेमालीचं बाळंतपण. आता म्हणता, "मूळव्याधच असणार, तू आल्यावर बघू."

काल बाळाच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असेलही मूळव्याध. पण बघितल्याशिवाय कसं कळणार? कॅन्सर असला तर तो तुमच्या सवडीसाठी थांबत नाही." घरी येऊन मी वरणात दोनदा मीठ घातलं. हेमालीला काही कळू दिलं नाही.

जावयांना मात्र सांगितलं. मितेशरावांनी लगेच वसईच्या दवाखान्यात फोन करून तपासणीसाठी गुरुवारची वेळ घेतली. हे पत्र घेऊन तेच आलेत. बुधवारी फक्त पातळ पदार्थ घ्या. पोट साफ करायचं औषध ते देतील, तोंड वाकडं न करता प्या. तिकडे गावी, सांडोरला थंडी आहे का? वेळेवर जेवता ना?

घाबरला असाल. मीही घाबरलेय. मूळव्याध निघाली तर जन्मभर मला हसा, मी ऐकून घेईन. पण जे निघेल ते आधी मला सांगा, आणि तुम्ही स्वतः सांगा.

तुमचीच,
चंद्रकांता