तिखटावरचा आळ

आई, आज मलाही ती सुई लिहून दिली. तीच, वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायची, हाडं बळकट करणारी, जिला आपल्या घरात सगळे 'ताकदीची सुई' म्हणायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी दात दाखवून या, एखादा काढायचा असेल तर काढून घ्या, मग सुई. एवढंसंच बोलणं. मी मान डोलावली, पण घरी येईपर्यंत तोंडाची चव गेली होती.

तुझी दाढ काढली तो दिवस आठवतो. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी फडाफडा सांगितलं, बीपीची एक, बाकी काही नाही. तू गाल धरून हळूच म्हणालीस, "अन् ते ताकदीची सुई सांग ना वं त्यायले." मी म्हटलं, "आई, ते गोळ्या विचारून राहिले. तू चूप राय." चारचौघांत तुझ्या बोलण्याची मला लाज वाटायची, हेही आज लिहून टाकते. शाळेत शिकवणारी मी, मला सगळं कळतं असा तोरा होता. आणि ताकदीची सुई म्हणजे काही औषध नव्हे, असं मला खरंच वाटत होतं.

दाढेचा खड्डा काही भरेना. दोन महिने झाले, आत पांढुरकं हाड दिसायला लागलं, वास यायला लागला, आणि मी तुझ्या ताटाकडे बोट दाखवलं. तू मिरचीच्या भिवापूरची, तिखटाशिवाय तुझा घास उतरायचा नाही. तिखट खाऊन खाऊन तूच चिघळवलंस, असं मी तुला तुझ्या जावयासमोर सुनावलं. तू ठेच्याचा खलबत्ता धुऊन पालथा घातलास आणि घरातल्या मिरच्या शेजारणीला देऊन आलीस. मग रोज फिक्कं वरण आणि भात.

मोठ्या दवाखान्यात जबड्याचा फोटो पाहून डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. त्या सुईनंतर दात काढला की कधीकधी जबड्याचं हाड भरून येत नाही, तिथंच मरतं, म्हणाले. सुईचं आधी माहीत असतं तर घाई केली नसती, असंही म्हणाले. मी बाहेर आले. बाकड्यावर तू तोंडाला पदर लावून बसलेली.

"माह्या तिखटानंच झालं ना वं?"

आणि मी, तुझ्या पोटची पोर, म्हणाले, "हो. पथ्य पाळ म्हणाले."

मेलेलं हाड काढलं, जखम भरली, पण मिरचीला तू पुन्हा शिवली नाहीस. शेवटच्या वर्षी मामानं गावाहून नव्या मिरच्या आणल्या, तर तू ओंजळीत घेऊन नुसता वास घेतलास आणि "मले नाही चालत गा" म्हणत परत केल्यास. मी तिथंच भाकर थापत होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. दातखीळ तर माझी बसली होती.

हे पत्र आता कुठे पाठवणार? घडी करून सुईच्या चिठ्ठीसोबत पर्समध्ये ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला या सुईनंतर जबड्याचा त्रास झाला होता का. मी म्हटलं, आईला झाला होता, पण ती तिखट फार खायची.