डॉक्टर नव्हे, एस्थेटिशियन

हिंगोली,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ती. कोमलताईस,
वैजनाथचा सा. न. वि. वि.

तुझी अट पाळतो आहे. खिशात फोन असून पत्र लिहितो आहे, म्हणजे तुझ्या गावच्या डाकघराच्या थैलीत आधार कार्डं आणि बँकेच्या नोटिसा सोडून माणसानं माणसाला लिहिलेलं एक तरी पाकीट पडेल. तू शाखा डाकपाल झालीस तेव्हापासून आपल्या घरात सख्ख्या भावालाही तिकीट लावावं लागतं.

माझा कोर्स पूर्ण झाला. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर माझ्या नावापुढं ‘एस्थेटिशियन’ असं आहे. बारावीत राहिलेल्या माणसानं न कळणारा शब्द नावापुढं लावू नये असं मला वाटलं, म्हणून वाचनालयात जाऊन मोठा शब्दकोश काढला. त्यात दोन अर्थ दिलेत. जुना अर्थ असा की सुंदर कशाला म्हणावं आणि का म्हणावं, याचा विचार करणारा. नवा अर्थ, त्वचेची निगा राखण्याचं शिक्षण घेतलेला. मी दोन्ही वहीत उतरवून घेतले आणि अक्षरं पुन्हा ताडून पाहिली. क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की दुसरा तुझा, पहिला सगळ्यांचा. आणि एक लक्षात ठेव, तू डॉक्टर नाहीस, आजार दिसला की हात मागं घ्यायचा आणि मला हाक मारायची.

इथली एक पद्धत मला फार आवडते. खुर्चीत बसलेल्या माणसाकडून आधी फॉर्म भरून घ्यायचा. त्यातला पहिला प्रश्न: तुम्हाला काय हवं आहे? याचं उत्तर ज्याचा चेहरा त्यानंच द्यायचं. आई असो, नवरा असो, सासू असो, बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसायचं. परवा एक सासूबाई बाकावरूनच ओरडून उत्तर देत होत्या, तर मॅडमनी उठून दार लावलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. काल सोनाजीकाकांचा फोन आला. रविवारी, १६ तारखेला, कनेरगाव नाक्याहून ढाबेवाले पाहुणे तुला पाहायला येणार आहेत. काका म्हणाले की तू सकाळीच ये आणि ताईच्या गालावरचा डाग असा झाक की नखभर दिसता कामा नये. एवढं शिकून राहिला, मग घरच्या कामाला न्हाई तर कोणाच्या? मध्यस्थाला त्यांनी सांगून टाकलं आहे की आमचा पुतण्या चेहऱ्याचा डॉक्टर आहे आणि पोरीच्या तोंडावर काही नाही. मी फोनवर हो म्हणालो. अण्णा गेले आणि काका घराचे कर्ते झाले, तेव्हापासून त्यांना नाही म्हणायची सवयच राहिली नाही.

तुझ्या रंगाशी जुळणाऱ्या, डाग झाकायच्या लेपाच्या तीन डब्या बॅगेत ठेवल्या आहेत. त्वचेला सोसतं का ते आधी कानामागं लावून पाहावं लागेल, म्हणून मी शनिवारीच येईन.

आईला नमस्कार. उत्तर रागाचं असलं तरी धाड. तुझा लोभ रागातही ओळखू येतो.

तुझा,
वैजनाथ


हट्टा,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चि. वैजनाथ यास,
कोमलताईचे अ. आ.

तुझं पत्र माझ्याच हातानं थैलीतून काढलं, माझ्याच हातानं शिक्का मारला आणि माझ्याच नावावर पोच केलं. अक्षर नेहमीसारखं रेखीव. एकही वेलांटी चुकली नाही. बाकी सगळं चुकलं.

तुझ्या फॉर्मचा पहिला प्रश्न मला फार पटला. तू तो मला कधी विचारलास, ते पत्रात सापडलं नाही. तू कानामागं काय लावायचं ते ठरवलंस, कोणत्या डब्या ते ठरवलंस, शनिवारची एसटीही ठरवलीस. म्हणजे बाबा, तू खुर्चीजवळ नाहीस, बाकावर आहेस. काकांच्या शेजारी.

मी रोज दहाला काउंटर उघडते. तीस-चाळीस माणसं हा गाल बघतात. तांड्यावरची थावराआजी निराधारचे पैसे घ्यायला येते, तिला वाचता येत नाही. ती आधी माझ्या डाव्या गालाकडं बघते, हीच ती म्हणते, मग अंगठा देते. मी रजेवर होते तेव्हा बदलीच्या पोराला तिनं अंगठा दिलाच नाही, तशीच माघारी गेली. गावातली टवाळ पोरं म्हणतात की मॅडमला जन्मतःच टपालाचा शिक्का बसला, म्हणून सरकारनं सीधी नोकरी दिली. मला ते ऐकून हसू येतं. काकांचं ऐकून येत नाही.

आणि आईचं तुला माहीत आहे. पंचवीस वर्षं ती ऐकून राहिली की ग्रहणात विळीवर काहीतरी चिरलं म्हणून पोरीला डाग पडला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. तिनं आजवर कोणाला उलट उत्तर दिलं नाही. आपण डाग झाकला म्हणजे तिनं ते चिरलं होतं असं आपणच कबूल केलं. याचा विचार तुझ्या शब्दकोशातल्या पहिल्या अर्थवाल्यानं करायला पाहिजे होता.

मला त्या मुलाला भेटायला हरकत नाही. कदाचित चांगला असेल. पण तो भेटेल तर मला भेटेल, तुझ्या डबीतल्या बाईला नाही.

थंडी पडू लागली, कानाला बांधत जा. राग आहे, तेवढीच माया आहे, दोन्ही एकाच तिकिटावर पाठवते.

तुझी,
ताई


हिंगोली,
सोमवार, १० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी बाकावर होतो हे खरं आहे. डब्या बॅगेतून काढून क्लिनिकच्या कपाटात परत ठेवल्या आणि नोंदवहीत तशी नोंद केली.

मॅडमना तुझ्या डागाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या की अशा जन्मखुणेत त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या झालेल्या असतात. ग्रहण, विळी, यांचा काडीचा संबंध नाही. पाहिजे तर उपचार आहेत, फिकट होऊ शकतो; पण पाहिजे का, हे जिचा गाल तिनं सांगायचं. हे आईला वाचून दाखव. शब्द मॅडमचे आहेत, माझे नाहीत, हेही सांग.

मी मुलाच्या वडलांना एक पत्र लिहिलं आहे. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. सोबत जोडतो आहे, पाकीट मुद्दाम उघडं ठेवलं आहे. काकांना कळलं तर ते मला दारात उभं करणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी ओळ वाकडी जाऊ दिलेली नाही.

आता उशिरा का होईना, पहिला प्रश्न: ताई, तुला काय हवं आहे? पत्र जावं असं वाटलं तर पाकीट चिकटवून पाठव. नको वाटलं तर फाडून टाक, मी एका शब्दानं विचारणार नाही.

बाकावरून उठलेला,
वैजनाथ

(सोबतचे पत्र)

श्री. प्रेमदासराव यांस,
कनेरगाव नाका.
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. रविवारी आपण चि. बालाजी यांच्यासाठी जी मुलगी पाहायला येणार आहात, तिचा मी धाकटा भाऊ. आपल्याला दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या गेल्या आहेत.

एक. मी डॉक्टर नाही. मी एस्थेटिशियन आहे. म्हणजे त्वचेची निगा राखण्याचं काम मी शिकलो आहे. मी औषध देत नाही, सुई टोचत नाही, आणि गोऱ्याला चांगलं व काळ्याला वाईट ठरवत नाही. बाजारात या शब्दाखाली कोणी काहीही विकतं, म्हणून खुलासा केला.

दोन. माझ्या बहिणीच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जांभळा डाग आहे. तो जन्मापासून आहे, आजार नाही. झाकण्याची कला मला येते. मी तो झाकणार नाही.

हे वाचून यावंसं वाटलं तर आपलं स्वागत आहे. न आलात तरी आमचं मन दुखणार नाही. कळावे.

आपला नम्र,
वैजनाथ संतराम,
एस्थेटिशियन


हट्टा,
सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. वैजनाथ, एस्थेटिशियन, यास,
ताईचे अ. उ. आ.

पाकिटावरही हाच हुद्दा लिहिला आहे, म्हणजे पोस्टमन तुझ्या क्लिनिकात मोठ्यानं वाचील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पत्र आलं त्याच दिवशी दिलं. पाकीट चिकटवलं, स्पीड पोस्ट केलं, पावती रजिस्टरला लावली. आईनं शेजारणीजवळ बोलून ठेवलं, त्यामुळं तासाभरात काका मोटारसायकल घेऊन डाकघरात. ते पाकीट काढ म्हणाले. मी म्हणाले की थैलीत गेलेलं टपाल फक्त पाठवणाऱ्याला परत मागता येतं, तेही अर्ज देऊन, आणि पाठवणारा हिंगोलीला आहे. ते म्हणाले, व्हय, म्हणजे तू आता मला कायदा शिकवून राहिली. मी म्हणाले, काका, हा घरचा ओटा नाही, काउंटर आहे. मागं थावराआजी उभी होती. तिनं काकांना सांगितलं की मालक, बाजूला व्हा, माझा अंगठा राहिला.

तू घाबरून रविवारी आला नाहीस, ते मी माफ केलं. पाहुणे मात्र आले. तुझं पत्र प्रेमदासरावांच्या खिशात होतं, ते काढून त्यांनी काकांसमोर वाचलं. ते म्हणाले की इतकं सरळ पत्र त्यांना आजवर कोणी लिहिलं नाही, आणि ढाब्यावर चार जणांना वाचून दाखवलं. काका भिंतीकडं बघत होते. पुतण्या काय करतो असं पुन्हा विचारलं तेव्हा ते हळूच म्हणाले की डॉक्टर न्हाई, चेहऱ्याची निगा राखतो, दवाईबिवाई देत न्हाई. तुझं वाक्य जवळजवळ बराबर पाठ केलं होतं.

मग मुलाच्या आजीनं, गोजरबाईंनी, विचारलंच. ग्रहणात काही चिरलं होतं का? मी तोंड उघडणार तेवढ्यात आई चुलीपासून उठून दारात आली. ती म्हणाली, न्हाई. त्या दिवशी विळी खुंटीला होती. मी दिवसभर पाणी न पिता खाटंवर पडून होते, आणि हे सोनाजीभाऊंना माहीत आहे, कारण खोलीला कडी त्यांनीच घातली होती. सगळे काकांकडं बघायला लागले. काका उठून बैलांना पाणी दाखवायला गेले, आणि वैजू, बैल विकून आपल्याला तीन वर्षं झाली.

बालाजी चांगला वाटला. हसतो तेव्हा खाली बघतो. पण प्रेमदासराव म्हणाले की आमची काही हरकत नाही, फक्त लग्नाच्या फोटोपुरता डाग झाकावा, मागून काय, घरचंच. तेव्हा मी बालाजीला अंगणात बोलावलं, बाकीच्यांना आत बसायला सांगितलं आणि तुझा पहिला प्रश्न विचारला. तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, विचारून सांगतो. मी म्हणाले, ठीक आहे, पण स्वतःला विचारा, आणि फोनवर नको. स्वतःच्या अक्षरात, टपालानं.

आजच्या थैलीत काही आलं नाही. आलं तर उघडीन. न आलं तरी काउंटर दहाला उघडायचंच आहे.

आईला मी सांगितलं की वैजनाथ आला की तुझाही फॉर्म भरून घेईल. तिनं लगेच उत्तर सांगितलं आणि आहे तस्सं लिही म्हणाली. ते खाली लिहिते. बाकीचं प्रेम तुझ्या रिकाम्या झालेल्या बॅगेत मावत असेल तर भरून घे.

तुझी,
ताई

वैजू, लेकरा, तुझी आई मिराबाई हिचा आशीर्वाद. मला काय पाहिजे ते सांगते. चेहरा आहे तो बराबर आहे, त्याला हात लावू नको. टाचेला भेगा पडल्या, चालताना तकलीफ होते. त्याचं तेवढं बघ. आणि दारात कोणी उभं करत न्हाई म्हणून घाबरू नको. कडी आता माझ्याकडं आहे.