डंकनसाहेबापुढे बांधलेला हात

११ जानेवारी १९९८

नम्रताचा हात मोडला. खरं लिहायचं तर मी मोडला. पोळपाट उचलला, डोकं वाचवायला तिने उजवा हात वर केला, आणि कोपराखाली कडकन आवाज झाला. कारण काय? तर स्कॉटलंडहून आलेल्या पत्रावर तिने गरम पातेलं ठेवलं! सबंध खानदानात आलेलं पहिलं परदेशी पत्र, आणि त्यावर आता काळा गोल उठलाय.

डॉक्टरला सांगितलं, मोरीत घसरली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मनस्वी दारात उभी होती. तेरा वर्षांची माझी पोर.

१२ जानेवारी

सासरे आले आणि मायलेकींना धसईला घेऊन गेले.

मी सांगून पाहिलं — हे माझ्या हातात नाही, आमच्यात गोऱ्याचं रक्त आहे, डोकं फिरलं की हात आपोआप जातो. नम्रता रिक्षात चढता चढता थांबली. म्हणाली, "ते रक्त मनस्वीत पण हाय ना? ती कुणाला मारते?"

सासरे म्हणाले, तुमचा तो गोरा साहेब तापट होता असा कागद आणून दाखवा, मग पाठवतो पोरीला. टोमणाच असेल. असू दे! कागद आणतोच.

१५ जानेवारी

ड्यूटीवर धरणाची पातळी लिहून झाली. क्वार्टर रिकामी. भात करपला, तसाच खाल्ला.

ते पत्र परत वाचलं. मकरे नावाच्या बाई आहेत. त्यांच्या पणजोबांचा भाऊ डंकन मकरे घर सोडून इकडे आला, सिद्धगडाच्या रानात रेल्वेसाठी साग तोडून घ्यायच्या कामावर होता, १८६९ साली वारला. कड्यावरून पडला एवढंच घरी कळलं. थडगं कुठे आहे, असं बाईंनी ग्रामपंचायतीला विचारलं होतं. सरपंचाने पत्र माझ्याकडे दिलं, कारण साहेबाचा दगड आमच्याच शेताच्या बांधावर!

आजोबा सांगायचे — साहेब मोठा कडक. मजुरांना झाडाला बांधून फोडायचा. गावातल्या वाडीवरची गुणा त्याने घरात ठेवली होती. साहेब मेल्यावर त्याचा मुकादम चांगो गोजर याने गुणाला आसरा दिला, साहेबाच्या पोराला स्वतःचं नाव दिलं. तो पोर म्हणजे माझे पणजोबा गणू. घारे डोळे, आणि राग नाकावर. आजोबांनी आजीवर तापलेला तवा फेकलेला. बाबांच्या बैल हाकायच्या पराणीची खूण आईच्या कपाळावर मरेपर्यंत होती. सगळे साहेबाचे वंशज!

म्हणून तर शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरातला पुरुष साहेबाच्या दगडाला नारळ देतो तो उजवा हात पाठीशी बांधून, डाव्या हाताने. गाठ घरच्या बाईने मारायची. साहेबापुढे हात जोडून नाही, बांधून उभं राहायचं, एवढा त्याचा दरारा.

हे सगळं इंग्रजीत लिहून द्यायला आदेश सरांना गाठलं. ते कॉलनीतल्या शाळेत शिकवतात. शेवटी एक ओळ मुद्दाम घालायला लावली : साहेबांच्या स्वभावाविषयी काही कागद असल्यास कृपया पाठवावा.

२८ जानेवारी

उत्तर नाही.

३ फेब्रुवारी

शहापूरच्या एसटी स्टँडवर एकाचं थोबाड फोडलं. रांगेत घुसत होता. दात माझ्या बोटात रुतला. लोकांनी ओढून बाजूला केलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

१९ फेब्रुवारी

धसईला फोन केला. मनस्वीने उचलला, "बाबा" म्हणाली आणि ठेवून दिला.

६ मार्च

पत्र आलं! साहेबाने बहिणीला लिहिलेल्या शेवटच्या पत्राची झेरॉक्स बाईंनी पाठवली आहे. पळत आदेश सरांकडे गेलो. ते वाचत गेले, मराठीत सांगत गेले, आणि माझं डोकं तापत गेलं.

साहेब लिहितो — अक्षराला हसू नकोस. उजवा हात सागाच्या ओंडक्याखाली सापडला, कोपरापासून कापावा लागला. डाव्याने शिकतो आहे. गुणा भात कालवून देते. मूलबाळ अजून नाही. मुकादमाला कामावरून काढलं. मजुराला झाडाला बांधून मारत होता, मला ते बघवेना. तो जाताना माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी म्हटलं, नीट वाचा. सरांनी परत वाचलं. तेच निघालं. एकाच हाताचा माणूस! तो कुणाला फोडणार? मी सरांचं टेबल लाथेने उलटं केलं. शाई भिंतीवर उडाली. सरांनी झेरॉक्स तेवढी उचलून माझ्या खिशात घातली. हा कागद सासऱ्यांना काय दाखवू?

१४ मार्च

काल शिमगा झाला. आज गावी गेलो. नारळ होता, काथ्याची दोरी होती. गाठ मारायला बाई नव्हती.

वाडीवर हिरीकडे गेलो. नव्वदीची असेल, अंगणात केरसुण्या बांधत बसली होती. गुणाच्या भावाची नात. आम्ही गोजर तिला ओट्यावर बसवत नाही, आणि आज मीच तिच्या दारात. गाठ मार म्हटलं. नाय म्हणाली, ती तुज्या बाईनं मारायची. मग मी तिला विचारलं, साहेबाला एकच हात होता हे तुला ठाऊक होतं का.

ती हसली. वाडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे म्हणाली. साहेबाने चांगोला काढलं, त्याच महिन्यात चांगो मागच्या दारानं आला. साहेब जेवायला बसला होता, डाव्या हातानं. पाठीत कोयता घातला. एक, दोन, तीन. गुणा समोर होती, तिच्या तोंडावर रक्त उडालं. प्रेत कड्यावरून लोटलं आणि गुणाला केसाला धरून घरी नेलं. गणू जन्मला तो साहेब गेल्यावर तीन वर्षांनी. आणि घारे डोळे चांगोचेच होते.

मी म्हटलं, मग हा हात बांधायचा कशाला?

हिरी म्हणाली, "गुणा त्याला म्हणाली, एका हाताच्या मानसाला मारलंस. आता वरसातून एक दिस त्याच्यापुढं एका हातानं हुबा रा. नायतर ठान्याला जाऊन सांगते."

माझा हात वर गेला. नव्वदीच्या म्हातारीवर! ती हलली नाही, डोळे मिटले नाहीत. केरसुणी मांडीवरच होती. "मार," म्हणाली. "तुज्या घरातलं कुनी आमच्यात हात न उगारता आलंय का?"

हात तिथेच हवेत राहिला. खाली कसा घ्यायचा तेच कळेना. शेवटी डाव्या हाताने धरून खाली ओढला.

साहेबाचं टिपूसभर रक्त माझ्यात नाही. जे आहे ते सगळं आमचं. नारळ बांधावर ठेवून परत आलो. फोडायचा धीर झाला नाही.

१५ मार्च

लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२२ मार्च

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहितोय.

धसईला गेलो, सगळं सांगितलं, दोरी नम्रतापुढे धरली. तिचं प्लास्टर निघालंय पण बोटांत जोर नाही. गाठ दातांनी ओढून मारली. ताट वाढलं. "दोन महिने मी अशीच जेवले," म्हणाली. "आता तुमी जेवा." आणि माझ्या मागे जाऊन विळीवर भाजी चिरत बसली.

जेवलो. सारखा मागे वळून बघत होतो.