पाणी प्यायला विचारायचं नाही

बाबा, गेल्या आठवड्यात कारखान्याचे मालक नागपूरहून आले, शिलाईच्या लाइनवरून एक चक्कर मारली आणि जाताना मला म्हणाले, "ठीक है, चलने दो." एवढंच. ते गेल्यावर मी जिन्यात कठडा धरून थोडा वेळ उभी राहिले. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि मनात पहिले तुम्ही आलात. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. आता माझी मुलगी कॉलेजात आहे, आपलं पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे, आणि मी सौसरला राहून बोरगावजवळच्या एका कारखान्यात जाते. तिथे शाळेचे गणवेश शिवतात. शिलाईच्या बाया सांभाळायचं काम माझं.

दिवाळीपासून बाया सोडून जायला लागल्या. काम शिकवावं, हात बसावा आणि एखाद्या सोमवारी मशीनसमोर कोणीच नसावं. पगार आजूबाजूच्या कारखान्यांइतकाच, वेळेवर मिळणारा. तरी जात होत्या. मालकांनी सांगून टाकलं, उन्हाळ्यापर्यंत लाइन जमली नाही तर मशीन नागपूरला नेतो. म्हणजे उरलेल्या बायांचं काम जाणार, आणि माझंही. मग त्यांनीच एक उपाय काढला. दर महिन्याला एका बाईचा फोटो दाराजवळ लावायचा, खाली 'उत्तम कर्मचारी' लिहायचं, आणि तिला स्टीलचा डबा द्यायचा. पहिला फोटो लागला सावरगावच्या एका ताईचा. वयाने माझ्याहून मोठी, नवरा गेलेली, कॉलर शिवण्यात तिच्या तोडीची कोणी नाही. टाळ्या वाजल्या. आठ-दहा दिवसांनी तिने तो फोटो स्वतःच काढला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"मॅडम, हा ठेवून घ्या. बाया माह्यासंगं डबा खाऊन नाही राहिल्या."

मी काही बोलायच्या आत तिने दुसरी गोष्टही सांगितली: होळीनंतर आपण येणार नाही.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला तुमची पॅसेंजर आठवली. तुम्ही रेल्वेत गँगचे मेट, रुळांची देखभाल करणारी माणसं तुमच्या हुकमात. त्यातला एक जण कामात मुद्दाम ढिलाई करायचा. साहेब त्याचा रिपोर्ट करा म्हणत होते. तुम्ही एका सुट्टीच्या दिवशी त्याला नागपूरकडच्या पॅसेंजरमध्ये बसवलंत. मीही खिडकीशी होते. तुम्ही त्याला म्हणता, "डोये मीट. आपल्या रुळाचा तुकडा आला का सांगजो." तो डोळे मिटून बसतो. गाडी पुढचं स्टेशन गाठते आणि तो गोंधळून तुमच्याकडे पाहतो. "कुठं गेला जी? समजलाच नाही." तुम्ही हसता. "हिसका बसला असता तं समजलं असतं. नाही समजलं, हेच तुहं काम." पुढे तो माणूस तुमच्या गँगमधला भरवशाचा झाला, हे आई सांगायची.

मलाही तसंच करावंसं वाटलं. सव्वीस जानेवारीला मी बायांना जवळच्या एका शाळेत नेलं. पोरं आपण शिवलेल्या कपड्यांत ओळीने उभी. बाया खुश झाल्या, एकमेकींना शिवण दाखवत होत्या, एकीने तर एका पोराची कॉलर नीट केली. मला वाटलं, जमलं. पुढच्या सोमवारी आणखी दोघी आल्या नाहीत. त्या दिवशी मी फार खचले, बाबा. तुमचीच युक्ती माझ्या हातून फसली असं वाटलं. तुम्ही त्या माणसाला वर्षानुवर्षं ओळखत होता, त्याला काय सलतं ते तुम्हाला ठाऊक होतं. मी मात्र बायांना एका शब्दाने विचारलं नव्हतं, हे ध्यानात यायला मला वेळ लागला.

मग मी माझा डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसू लागले. कोणी भाजी पुढे करायची, बोलायचं कोणी नाही. एके दिवशी मीच सावरगावच्या ताईला म्हटलं, "तुम्ही तर चाललाच आहात. जाता जाता खरं सांगून जा."

तिने भाकरीचा घास हातातच ठेवला. "राग नका मानू. तो बिल्ला."

आमच्याकडे माझ्या टेबलाशी एक पितळी बिल्ला टांगलेला असायचा. पाणी प्यायला किंवा बाथरूमला जायचं तर तो मागून न्यायचा. एक परत आली की दुसरीने जायचं. मी यायच्या आधीपासूनची पद्धत. मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

"सून होती तं सासूले इचारून उठत होती," ती म्हणाली. "आता मायी सून मले इचारते. अन् इथं येऊन मी पोरीवानी बिल्ला मागून राहिली. पाणी प्याले."

बाकीच्या खाली पाहत होत्या. एकीने हळूच मान डोलावली.

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना मला आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर दिसत राहिलं. तुमच्याबरोबर गँगमधला एक म्हातारा माणूस घरी आला होता. मी सात-आठ वर्षांची, मेटची पोर, त्याला म्हटलं, "पाणी आण रे." तुम्ही त्याला पाटावर बसवलंत आणि मला तांब्या भरायला लावलात. तो गेल्यावर चुलीपाशी बसून म्हणालात, "तो दिवसभर माह्या सांगण्यानं वाकते, बाई. काम हाये म्हणून. तेवढंच पुरे त्याले."

दुसऱ्या दिवशी मी बिल्ला काढला आणि मालकांना फोन करून सांगितलं.

"सगळ्या एकदम उठल्या तर?"

"तर मी जबाबदार," म्हटलं.

पहिल्या दिवशी माठापाशी रांगच लागली. तहान नसलेल्याही उठून आल्या होत्या, नुसतं उठून पाहायला. तीन-चार दिवसांत ते ओसरलं. मग पाहते तर एक उठली की शेजारची तिचा कपडा ओढून घेते, शिवण पुढे नेते. हे मी सांगितलं नव्हतं. होळी झाली, आणि सावरगावच्या ताई नेहमीच्या बसने आल्या. त्यांनी कॉलरचा गठ्ठा सोडला. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी मला नीट भूक लागली.

हे तुमच्यापर्यंत जाणार नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. कोणी खुर्ची सरकवली की माझी मान अजून आपोआप वर होते. मग मी हातातलं काम पाहत बसते, ती परत येईपर्यंत.