घड्याळवाल्याचे हात

४ फेब्रुवारी
गावात शिरले तर अर्धी दुकानं बंद. पाट्यांचे रंग उडालेले, भिंतींचे पोपडे सुटलेले — ओस पडत चाललेल्या बाजारांच्या फोटोंच्या पुस्तकासाठी हवं तस्संच! पण कॅमेरा काढला की लोक घरात जातात. यांची पडझडच विकायला आलेय का मी?

एक घड्याळवाला तेवढा बोलला. 'चेहरा नको. हातांचा काढा हवं तर.' डाव्या करंगळीचं टोक नाही. काढला.

५ फेब्रुवारी
गाडी खडखडतेय. पुढच्या गावापर्यंत शंभर किलोमीटर जीव मुठीत धरून आले.

६ फेब्रुवारी
नको ते करून बसले!

इथल्या बाजारात उघडं दुकान एकच, शिंपीणबाईचं. तिचा विश्वास बसावा म्हणून कॅमेऱ्यातले आधीचे फोटो दाखवत होते. हातांचा फोटो आला आणि तिची कात्री थांबली.

'हा माझा दादा आहे.'

लहानपणी तिचं बोट मशीनच्या पट्ट्यात जात होतं, ते ओढून काढताना त्याच्याच करंगळीचं टोक तुटलं. अकरा वर्षांपूर्वी बाबांशी कडाक्याचं भांडण. 'पुन्हा तोंड दाखवू नकोस,' बाबा म्हणाले. तो गेला तो गेलाच.

'कुठलं गाव हो, ताई?'

सांगून टाकलं! त्याच्या दुकानाच्या पाटीच्या फोटोतला नंबरसुद्धा.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. 'चेहरा नको म्हणाला होता ना तो? मग पत्ता कशाला दिलास? नाक खुपसायची सवय तुझी!' बरोबरच आहे त्याचं.

७ फेब्रुवारी
निदान त्याच्या कानावर घालावं म्हणून पहाटेच मागे फिरले. दुकानाला कुलूप!

शेजारचा न्हावी म्हणाला, 'सकाळी कुणाचा तरी फोन आला. हातातलं काम तसंच टाकलं, बॅग भरली, गेला.'

'कुठे?'

'चकार शब्द बोलला नाही.'

माझ्यामुळे पळाला. आता तर हे गावही सुटलं बिचाऱ्याचं. दाराच्या काचेतून टेबलावर उघडं पडलेलं घड्याळ दिसत होतं. सुंदर उजेड होता. फोटो काढायला हात उठेना.

८ फेब्रुवारी
शिंपीणबाईचा फोन. रडतेय की हसतेय, कळेना. 'दादा आलाय! दार नेमकं बाबांनीच उघडलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. पण बाबांना हल्ली कुणीच ओळखू येत नाही, ताई. त्याला म्हणाले — या, बसा. बरेच लांबून आलात वाटतं!'