दोनशे चार नंबरची खोली

१ सप्टेंबर, सोमवार
नेहमीचंच चेनवालं स्वस्त हॉटेल, नेहमीचीच खोली, दोनशे चार. उद्यापासून दोन कारखान्यांतले वजनकाटे तपासायचे. रिसेप्शनवरच्या बाईने मेंबरशिप कार्ड दिलं. दहा रात्री राहा, अकरावी फुकट. फॉर्मवर हिचा मोबाइल नंबर टाकला. या लोकांचे मेसेज फार येतात, मला कामात व्यत्यय नको. डोकं लागतं.

३ सप्टेंबर, बुधवार, दुपारी १
काम संपलं. संकल्प: दोनच्या बसने घरी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते रात्री तीन-चारदा उठतात, की ही उठलीच. महिनाभर तिला सलग झोप नाही. आजपासून रात्रपाळी माझी. ठरलं म्हणजे ठरलं.

दुपारी ४
जरा आडवा झालो होतो. बस गेली. हिला फोन केला. काटा फार बिघडलाय, शुक्रवार उजाडेल, दोन्ही रात्री कारखान्यातच बाकड्यावर काढणार, असं सांगितलं. मानेखाली टॉवेल घ्या म्हणाली. बिचारी. घशाखाली चहा उतरेना. दुसरा कप मागवला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
घरी. लेकीला हॉटेलचे छोटे साबण आणले. दोनच. चार आणले असते तर चार रात्री दिसल्या असत्या. डोकं लागतं. हिने मान दुखतेय का विचारलं. दुखतेय म्हटलं. तेल लावून चोळून दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज बाबांचं सगळं मीच बघणार.

६ सप्टेंबर, शनिवार
बाबांनी तीनदा हाक मारली म्हणे. मला एकही ऐकू आली नाही. प्रवासाचा शीण. सकाळी ही चहा गाळता गाळता उभ्या उभ्या पेंगत होती. फार वाईट वाटलं. इतकं, की दुपारी झोप नीट लागली नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
राहिलो. पण या वेळी कारण खरं आहे. दहा रात्री भरल्या की फुकटची रात्र हिलाच देणार. निवांत झोपेल. म्हणजे मी इथे लोळतोय ते तिच्यासाठीच. फोनवर हे सांगणार होतो, तोंडातून बाकडंच निघालं. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण मी खाल्लं काय? झोपलो फक्त.

१७ सप्टेंबर, बुधवार
काल दहावी रात्र भरली. काम बारालाच आटोपलं. म्हटलं, फुकटची रात्र उद्या आपणच वापरू, कार्ड काय पुन्हा भरेल, हिला पुढची देऊ. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, ती तर मॅडमनी सकाळीच फोन करून शनिवारसाठी घेतली. दोनशे चारच मागितली. मॅडमना कळलं कसं? तर म्हणे, प्रत्येक रात्रीचा आभाराचा मेसेज कार्डावरच्या नंबरवर जातो, तारीख आणि खोलीच्या नंबरासकट.

अरे देवा! बाकड्याच्या रात्रीसुद्धा!

ताबडतोब निघायला हवं. पण आजची खोली घेतलेलीच आहे. वाया कशाला घालवा?

१८ सप्टेंबर, गुरुवार
घरी पोचलो, चक्क एक दिवस आधी. हिने विचारलं, बाकडं मोडलं का. माफीची वाक्यं बसमध्ये पाठ केली होती. शनिवारी सकाळी म्हणेन.

२० सप्टेंबर, शनिवार
म्हणायच्या आत ही निघाली. लहानशी पिशवी. जाताना बजावलं, गोळी नऊला, पाणी कोमट, हाक आली की आधी दिवा लावायचा. उशी न्यावी की तिथे मिळते, हे मलाच विचारलं. दोन मिळतात म्हटलं. उद्या दुपारी येते म्हणाली.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी ६
बाबांनी पाचदा हाक मारली. पाचही ऐकू आल्या. चौथ्यांदा म्हणाले, सूनबाई पहिल्या हाकेला येते. महिनाभर हे तिने एकटीने केलं आणि मी तिच्याकडून मान चोळून घेतली. रडू आलं. ती आली की दारातच सगळं कबूल करणार. ठरलं म्हणजे ठरलं.

दुपारी २
मोबाइल वाजला. हॉटेलचा मेसेज. कार्डावर हिने आता माझा नंबर घातलाय. मुक्काम दोन रात्रींनी वाढवल्याबद्दल आभार मानलेत.

पाठोपाठ हिचा फोन. म्हणाली, काटा फार बिघडलाय, मंगळवार उजाडेल.

मानेखाली टॉवेल घे म्हटलं.