हनुवटी जरा वर

१२ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. नव्या नोकरीत रुळलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे माझी पाठ कुरकुरते, पण तिचं ऐकतो कोण. आई बरी आहे. म्हणजे खाते-पिते आहे.

आपल्याकडे येणाऱ्या सिस्टर आणि मदतनीस बाईंबद्दल तुला मागे लिहिलं होतं. पूर्वी दवाखान्याची सिस्टर एका दिवशी यायची, समाजकल्याणची बाई दुसऱ्या दिवशी, आणि एकीचा दुसरीला पत्ता नसायचा. एक औषध बदलून जायची, दुसरी जुनंच द्यायची. सरकारने दोन्ही खात्यांना मिळून निधी दिला, तेव्हापासून दोघी एकाच गाडीतून येतात. सिस्टर आईच्या पायाची जखम बांधते, बाई तिला अंघोळ घालते, आणि निघण्याआधी दोघी माझ्याशी चार शब्द बोलतात. तेवढाच मी माणसांत येतो.

हा निधी पुढे चालू ठेवायचा का, याची पाहणी सुरू आहे. गेल्या महिन्यात त्यासाठी एक मुलगी आली होती. तुझ्याच वयाची, शांत. मला वाटलं, आपल्या सिस्टरचं आणि बाईंचं नाव राखायला हवं. जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस मी. घर लख्ख केलं. आईला निळा स्वेटर घातला, केस विंचरले, चेहऱ्यावर उजेड येईल अशी खुर्ची खिडकीशी लावली. आधाराच्या उशा दिसणार नाहीत अशा खोचल्या आणि सवयीने म्हणालो, "हनुवटी जरा वर." तिने केली. शेजारच्या मास्तरांनी तर त्यांच्याकडे पाहणी होती तेव्हा काठीच दाराआड लपवली.

त्या मुलीने विचारलं, "आजी हाताने जेवतात?"

"अगदी."

"चालतात?"

"मला मागे टाकते."

आई गोड हसत होती. ती हल्ली सगळ्यांकडे बघून हसते.

परवा निकाल कळला. आमची गरज कमी झाली आहे, तेव्हा पुढच्या महिन्यापासून फेरी महिन्यातून एकदाच. अख्ख्या गल्लीने हाच शहाणपणा केल्यामुळे निधीच आटायची वेळ आली आहे. सिस्टर म्हणाली, "काका, कौतुक करायला गेलात आणि आमच्याच पोटावर पाय दिलात." मला मान वर करवेना.

ठमे, गेल्या सोमवारी आईला न्हाणीघरातून उठवताना माझी पाठ धरली आणि आम्ही दोघं खाली बसलो ते बसलोच. तिला उचलता येईना, मला उठता येईना. तिला थंडी वाजत होती, म्हणून माझा सदरा काढून तिला पांघरला. त्या दोघींचा यायचा दिवस होता म्हणून निभावलं. नसता तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

आई मला आता दादा म्हणते. मी तिला तिचा मोठा भाऊ वाटतो. पहिल्यांदा फार लागलं. आता मीही "काय गं" म्हणून ओ देतो. तिचा दादावर फार जीव होता, तेव्हा माझं काही वाईट चाललेलं नाही. तू फोन करतेस तेव्हा मी "झोपली आहे" म्हणतो. ती शेजारीच बसलेली असते. फोन कानाला लावला की घाबरते.

काल मी त्या पाहणीवाल्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "गुरुवारी परत येते. घर आहे तसंच ठेवा." मास्तरांनाही दम भरला आहे.

मागच्या वेळी तिने शेवटी विचारलं होतं, "घरी मदतीला आणखी कोण?" मी ताठ मानेने म्हणालो होतो, "मुलगी आहे ना." तिने तसं टिपून घेतलं. गुरुवारी सांगणार आहे, मुलगी लांब आहे, तिला तिचं काम आहे, आणि मला तिची फार आठवण येते. पाहणीच्या कागदावर यासाठी जागा नसेल. तरी सांगणार आहे.

तुझा,
बाबा